वाघ्याचा उलटा गुडघा

आता काय सांगायचं म्हणा! सासुरवाडीत माझी कशी फजिती झाली ते आमच्या घरात अजून हसत सांगतात. मी हसत नाही. फजिती माझी झाली, पण पाय गेला तो वाघ्याचा.

वाघ्या म्हणजे कुंडलच्या माझ्या सासऱ्यांचं कुत्रं. सासऱ्यांची नजर अधू. उसाच्या सरीतून वाघ्या पुढं चालायचा, साप दिसला की आडवा उभा राहायचा. त्याच्या भरवशावर म्हातारा उसाला पाणी पाजायला जायचा.

एकाहत्तरच्या लढाईनंतर मी पहिल्यांदाच सुट्टीवर आलो होतो. नवा जावई, त्यात फौजी, त्यात प्रथमोपचाराचा कोर्स केलेला! कोंबडीचा रस्सा हाणून ओसरीवर बसलो होतो, तर वाघ्या मागचा उजवा पाय उचलून लंगडत आला. मी पाय हातात घेतला आणि चरकलोच. गुडघा उलटा! आपला गुडघा पुढं येतो, याचा मागं गेलेला.

"मामा, वाटी निखळलीय," मी सांगून टाकलं.

तुम्ही म्हणाल, दुसरा पाय बघायचा होतास. बघितला की! तोही उलटाच. मग शहाण्या माणसानं काय समजावं? मी समजलो, दोन्ही निखळलेत. एकाचा भार दुसऱ्यावर आला, दुसराही गेला. पुढच्या पायांचे गुडघे आपल्यासारखेच दिसत होते, त्यामुळे तर माझी खात्रीच पटली.

बायको हळूच म्हणाली, "आवं, शेरडाचं बी मागचं पाय आसंच असत्यात."

तिला गप्प केलं. सासऱ्यांनी वाघ्याला मांडीवर धरलं. मी दोन्ही पाय ओढून सरळ केले, बांबूच्या कामट्या लावल्या आणि सासूबाईंच्या जुन्या लुगड्याच्या पट्ट्यांनी करकचून बांधले. कुत्रं केकाटलं. हाड जागेवर येताना दुखणारच, असं मीच सगळ्यांना समजावलं. आणि मी परत येईपर्यंत कुणी पट्टी सोडायची नाही, असं बजावून कोरेगावला आमच्या घरी गेलो.

आठवड्यानं आलो तर वाघ्याच्या पायांचे खांब झालेले. बैलगाडीत घालून त्याला जनावरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पट्ट्या कापल्या, पंजा उलटा करून बघितला आणि बाभळीचा काटा उपसून काढला. लंगडत होतं ते एवढ्यासाठी!

"आणि गुडघा?" मी विचारलं.

"गुडघा वर हाय, पोटापाशी. तुमी बांधली ती टाच. कुत्रं चवड्यावर चालतंय."

सूज उतरली, पण उजवा सांधा आखडला तो आखडलाच. गाडीतून परतताना मी सासऱ्यांना विचारलं, तुम्हाला शंका आली नाही का?

"जलमभर कुत्री पाळली, मला कळंना व्हय?" ते वाघ्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले. "पन जावयाचा शबूद मोडायचा कसा?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढच्या सुट्टीत आलो तर सासरे खाटेवर. वाघ्याला आता सरीतून चालवत नव्हतं, हे एकटेच गेले आणि पाटात पडले. गुडघा सुजला होता. बघू तरी, म्हणून मी वाकलो.

त्यांनी पाय झटक्यात धोतराखाली ओढून घेतला.

"लय बरं हाय, जावईबापू. तुमी आदी च्या घ्या."