न पाहिलेले तांदूळ

“मले काय इचारतेस? त्यालेच इचार न.”

मावशी असं म्हणायची आणि उजवा हात पदराला पुसायची. हाताला काही लागलेलं नसायचं. समोरची बाई नवऱ्याबद्दल विचारत असो, सुनेबद्दल किंवा भाडेकरूबद्दल, उत्तर हेच. तरीही साकोलीतल्या आमच्या गल्लीत सगळ्यांच्याच या मावशीच्या पायरीवर रोज कुणी ना कुणी बसलेलं असायचं. आमच्या पायरीवर मांजर बसायचं.

प्रभूकडे येण्याआधी मावशी आसगावला तांदूळ पाहायची. तुमच्यापैकी काहींनी हा प्रकार जवळून पाहिला असेल. ज्याची काळजी असेल त्याच्यावरून घरचे मूठभर तांदूळ ओवाळायचे आणि पदराच्या गाठीत बांधून न्यायचे. मावशी ते सुपात टाकून जोडीजोडीने बाजूला सारायची. शेवटी एक दाणा उरला तर काम होणार, जोडी उरली तर नाही. बाप्तिस्मा घेतला त्या दिवशी तिनं ते सूप शेजारणीला धान पाखडायला देऊन टाकलं. मग आमच्या गल्लीत, तीन घरं सोडून, राहायला आली. सूप गेलं, पण अंगठ्याची सवय राहिली. कुणाचं ऐकताना तिचा अंगठा बोटांवरून दाणे सारल्यासारखा सरकत असायचा. ते ध्यानात आलं की ती हात पुसायची.

एकदा शहापूरहून एक माणूस बस पकडून आला. त्याची बकरी हरवली होती. मावशीनं त्याला विचारलं की ती कुणाच्या वावरात चरायची. चुलतभावाच्या, तो म्हणाला. “मंग त्यालेच इचार न.” बकरी चुलतभावाच्याच गोठ्यात निघाली आणि तो माणूस सगळीकडे सांगत सुटला की मावशी आता तांदळाशिवायच पाहते. पुढे कितीतरी दिवस ती येणाऱ्या प्रत्येकाला आपण काहीच पाहिलं नाही हे पटवत होती, आणि ते हात जोडून मान डोलवत होते. समोरची चहावाली तिला चिडवायची, “मावशी, तुयं दुकान बंद, गिऱ्हाईक चालू.”

मला तिचा हेवा वाटायचा. हे आधीच सांगायला हवं होतं.

मी जन्माची ख्रिस्ती. इंग्रजी शाळेतल्या पाठांतराच्या स्पर्धांमध्ये माझा पहिला नंबर ठरलेला. शकुन पाहणाऱ्यांविरुद्ध बायबलमध्ये काय लिहिलं आहे, हे मला अध्यायासकट पाठ होतं. पण मला कुणी कधी काही विचारलं नाही. मी जवळ गेले की बायका बोलणं थांबवून माझ्या शिक्षणाचं कौतुक करायच्या. चर्चची चावीसुद्धा मावशीकडे होती. रविवारी सकाळी दार उघडून सतरंज्या तीच घालायची. या सगळ्यापेक्षा जास्त खुपायची ती माझी आई. बाबा गेल्यापासून घरात आम्ही दोघीच. आई माझ्याशी बोलायची ती भाजी कोणती करायची एवढंच. मावशीच्या पायरीवर मात्र तासतास. तिथे ती दात दिसेपर्यंत हसायची. मी खिडकीतून पाहायची.

त्या वर्षी मला नागपूरच्या एका शाळेत नोकरी मिळाली. पंधरा दिवसांत होकार कळवायचा होता. आई हो म्हणेना, नाहीही म्हणेना. पत्र येशूच्या फोटोखाली ठेवून ती स्वयंपाकाला लागायची.

एका गुरुवारी दुपारी मी झोपेतून उठले तर आई घरात नव्हती. थोड्या वेळानं ती मावशीच्या दारातून बाहेर पडताना दिसली. पदराला मुठीएवढी गाठ होती. घरी येऊन तिनं ती एका फडक्यात सोडली आणि ते फडकं फडताळात मागे सारलं. नंतर मी उघडून पाहिलं. तांदूळ होते.

आईला विचारता आलं असतं. मावशी तर तीन घरांवर होती. मी शनिवारी चर्चच्या पाळकांकडे गेले आणि मावशी पुन्हा तांदूळ पाहते असं सांगितलं. एरवी माझ्या तोंडून चार शब्द निघत नाहीत, त्या दिवशी मी भाषणासारखं स्पष्ट बोलले. आईचं नाव तेवढं घेतलं नाही. एक बाई, असं म्हटलं.

रविवारी उपासनेनंतर आई स्वयंपाकासाठी लवकर घरी गेली. पाळकांनी मावशीला चर्चच्या चार वडीलधाऱ्यांसमोर बसवलं. मी मागे सतरंज्या गुंडाळत होते. तुमच्याकडे कुणी तांदूळ घेऊन आलं होतं का, असं त्यांनी विचारलं.

“आली होती एक.”

“पाहिले?”

“नाई पाहिले.”

मग ती कोण होती ते सांगा, तिलाच विचारू, असं त्यांतले एक वडीलधारे म्हणाले. मावशीचा अंगठा सरकायला लागला होता. तिनं हात पुसला. “तिचं नाव मी नाई सांगत,” ती म्हणाली, आणि कुणी मागायच्या आत चावी टेबलावर ठेवून उठली. पाळकांनी ती चावी माझ्याकडे दिली.

घरी मी ती मुद्दाम आईला दिसेल अशी ठेवली. आईनं विचारलं, ही तुझ्याकडे कशी? मी सगळं सांगितलं. सांगताना मला बरंच वाटत होतं. आईनं फडताळातून फडकं काढलं, ते तांदूळ धुतले आणि लहान पातेल्यात वेगळे शिजत ठेवले. माझ्या ताटात तो भात वाढून ती समोर बसली.

“तुले जायचं हाये का नागपूरले?”

आईनं मला हे पहिल्यांदाच विचारलं होतं. मग तिनं सांगितलं. त्या दुपारी मी झोपलेली असताना तिनं माझ्यावरून ते तांदूळ ओवाळले होते. मावशीनं गाठ सोडूच दिली नाही. घरी जा, हे शिजव, पोरीला वाढ आणि तिलाच विचार, एवढं म्हणाली. तीन दिवस आईची हिंमत झाली नव्हती.

“तू हो म्हणशील म्हणून,” आई म्हणाली.

मी हो म्हणाले. तिनं मान हलवली आणि उरलेला भातही माझ्याच ताटात वाढला.

संध्याकाळी मी पाळकांना खरं ते सांगितलं आणि चावी घेऊन मावशीकडे गेले. काय बोलायचं ते वाटेत जुळवलं होतं. दारात मी नुसती चावी पुढे केली. तिनं हात पदराला पुसून घेतली.

“मलेच इचारलं असतं न, बाई,” ती म्हणाली. आवाज चढला नाही. मग सतरंज्यांना ऊन दाखवलं का, असं विचारलं. मी दाखवलं नव्हतं. तिला साधा रागही आला नाही, याचाही मला तिथे उभ्या उभ्या हेवा वाटला.

मी नागपूरला आले. दुसऱ्या वर्षी मावशी गेली. शाळेच्या परीक्षा चालू होत्या, मला मातीला जाता आलं नाही.

परवा आईचा फोन आला. मावशीच्या दाराला कुलूप आहे, चर्चची चावी आता आईकडे असते. पण बायका अजून त्याच पायरीवर येऊन बसतात म्हणे, भाजी निवडायला घेऊन.

“कुणाशी बोलता मग?” मी विचारलं.

“एकमेकींशी. अजून कोनाशी?”

बंद दारासमोरही माणसं बसतात, हे ऐकून मला पुन्हा तोच जुना हेवा वाटला.

“आणि आपल्या पायरीवर?”

“मांजर बसते,” आई म्हणाली. “येशील तं तू बस.”