आईची बॅग उतरवा

आईला मी खांबाजवळच्या खुर्चीत बसवलं आणि बजावलं, "मी सांगेपर्यंत इथून हलू नकोस. कुणी काहीही बोललं तरी."

त्या दिवशीची माझी चूक ती एवढीच. पुढचं सगळं तिच्यातून आपोआप निघालं.

चूक करताना मी फार रुबाबात होतो. अंगात चमकत्या पट्ट्यांचं जॅकेट, गळ्यात ओळखपत्र, कमरेला वॉकीटॉकी. आई जन्मात पहिल्यांदा विमानात बसणार होती, आणि तीही एकटी. बायकोच्या शाळेत परीक्षा, माझी रजा संपलेली, त्यामुळे सोबतीला कुणी नव्हतं. बायकोनं सुचवलं होतं की विमान कंपनीकडून चाकाची खुर्ची मागून घ्या, त्यांचा माणूस थेट विमानाच्या दारापर्यंत पोचवतो. मी म्हणालो, "अगं, त्या विमानाचं सगळं मीच बघणार. माझ्या आईला चाकाची खुर्ची कशाला?" बायको गप्प बसली. आमच्या घरात तिचं गप्प बसणं म्हणजे होकार नसतो.

माझं काम इथं सांगून टाकतो, कारण गावात ते कुणालाच धड माहीत नाही. गावात म्हणतात, हा विमानात आहे. मी विमानाखाली आहे. लोकांच्या बॅगा आणि व्यापाऱ्यांची खोकी विमानाच्या पोटात भरून घ्यायची, पुढच्या कप्प्यात किती वजन आणि मागच्या कप्प्यात किती ते बघायचं, वर जाळी आवळायची, आणि जे विमानात जाता कामा नये ते अडवायचं. पोटातला माल सरकला तर विमानाचा तोल बिघडतो. वर हवाई सुंदरी पट्टा कसा लावायचा ते दाखवते, तेव्हा प्रवासी मोबाईलमधून डोकं वर काढून निदान जांभई तरी देतात. आमच्या वाट्याला जांभईसुद्धा येत नाही.

वडील मिठागरात मिठाच्या पाट्या डोक्यावरून वाहायचे. मी शिकलो, डिप्लोमा केला आणि परक्यांच्या बॅगा वाहायला लागलो. मिठागर बंदराच्या रस्त्याखाली गेलं, मग घराजवळ नवा विमानतळ आला, पुढाऱ्यांनी विकासावर भाषणं ठोकली. आमच्या घरापुरता विकास म्हणजे ओझ्याला चाकं आली.

तर आई निघाली होती कोचीनला. धाकटी बहीण तिथं असते, जावई तिथल्या बंदरात नोकरीला. लग्नानंतर कैक वर्षं वाट बघून, डॉक्टर आणि नवस दोन्ही थकल्यावर बहिणीला मुलगी झाली होती, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बारसं होतं. आमच्याकडचे पाळणे आता गावात आईशिवाय कुणाला पुरते येत नाहीत. बाकीच्या बायका दोन ओळी म्हणतात आणि मग टाळ्या वाजवत हसतात. बहीण फोनवर म्हणाली होती, "दादा, तू नाही आलास तरी चालेल. आईला पाठव." मला जरा लागलं, पण म्हणणं खरं होतं. त्या दिवशीच्या दुसऱ्या कुठल्याच विमानात जागा नव्हती. हे विमान चुकलं तर बारसं आईशिवाय.

बॅग भरताना आदल्या संध्याकाळी आमची चकमक झाली. आईनं तळाशी सुके बोंबील आणि जवळा भरला होता, पिशवीत पिशवी, तिच्यात आणखी पिशवी. मी म्हणालो, "कोचीनला मासे नेणं म्हणजे उरणला मीठ नेणं."

"त्यांचं त्यांना, आपलं आपल्याला," आई म्हणाली.

मासे एक वेळ चालले असते. पण त्यांच्यावर सुक्या खोबऱ्याच्या वाट्या रचल्या होत्या, आणि सुकं खोबरं विमानाला चालत नाही. त्यात तेल असतं, ते पेट घेऊ शकतं, म्हणून आमच्या नियमात ते धोकादायक मालात मोडतं. नव्या पोरांना मी हे चित्रं दाखवून शिकवतो.

"खोबरं पेटतं?" आई म्हणाली. "मी उभा जन्म चुलीच्या वर शिंक्यात खोबरं टांगलं. कधी पेटलं न्हाय. तुमची विमानंच नाजूक."

"नियम आहे, आई."

"बारशाला खोबरं न्हाय, पन नियम हाय. बरं हाय."

मी सुरक्षेच्या कारणास्तव खोबरं जप्त केलं. मग वाहत्या गंगेत हात धुवून घेत एक व्याख्यानही दिलं. विमानात मोबाईल बंद ठेवायचा. अनोळखी माणसानं काही दिलं तर घ्यायचं नाही. फोनवर आवाज ओळखीचा वाटला तरी विश्वास ठेवायचा नाही, हल्ली लोक आवाज काढून फसवतात. आईनं सगळं मान हलवत ऐकलं. शेवटी बॅगेला होडीची निळी दोरी बांधून तिनं अशा गाठी मारल्या की त्या सोडवायला मुरुडहून खलाशी आणावा लागावा.

विमानतळावर माझ्या पासवर आतपर्यंत जाता येतं. गेटसमोर गर्दी होती म्हणून मी तिला जरा पलीकडे, पाणी आणि बाथरूम दोन्ही जवळ पडेल अशा खुर्चीत बसवलं. बोर्डिंग सुरू व्हायच्या आत वर यायचं आणि तिला स्वतः दारात सोडायचं, असा बेत होता. म्हणून ते वाक्य बोललो आणि खाली उतरलो.

खाली माशांच्या खोक्यांची गाडी उभी होती. कोचीनला मासे नेणारी आई एकटीच नव्हती तर. एका खोक्याच्या कोपऱ्यातून पाणी ठिबकत होतं. माशाचं खारं पाणी विमानाच्या पोटात सांडलं की पत्र्याला गंज चढतो, पाणी तारांपर्यंत जातं. गळका माल चढवायचा नाही, हा साधा नियम. पण माल आणणारा एजंट साध्या नियमांचा माणूस नव्हता.

"दादा, दोन थेंब हायत. खोक्याला घाम आलाय समजा."

"खोक्याला घाम येत नाही."

"मला येतोय ना! शेटचा फोनावर फोन हाय."

"शेटला सांग, विमानात बसून पाय भिजवून बघ."

मग मी त्याला सुरक्षा या विषयावर मराठीत, हिंदीत आणि पुरेल तेवढ्या इंग्रजीत ऐकवलं. खोकी परत गेली. वजन कमी झालं म्हणून गणित पुन्हा जुळवलं, काही बॅगा मागच्या कप्प्यातून पुढच्यात आणल्या. सगळं इतकं चोख झालं की मी स्वतःवर खूश होतो. इतका खूश, की आपल्याला आई आहे हे विसरलो.

तेवढ्यात वॉकी खरखरली. गेटवरची मुलगी बोलत होती. "सर, एक प्रवासी कमी आहे. दोनदा नाव पुकारलं. बॅग उतरवावी लागेल."

हा आमचा दुसरा नियम. बॅग दिली आणि माणूस विमानात चढला नाही, तर ती बॅग विमानात राहत नाही. बॅगेबरोबर तिचा मालक हवा, नाहीतर आत काय आहे याची खात्री कोण देणार? अशा प्रवाशांसाठी माझ्याकडे ठेवणीतली वाक्यं आहेत.

"बसला असेल कुठंतरी समोसा खात," मी वॉकीवर म्हणालो. "यांच्या घरचे यांना काही शिकवून पाठवतात की नाही?"

चॅनेलवर दोघेतिघे हसले. मला आणखी चेव आला. "बोला, नाव बोला त्या महाशयांचं."

तिनं नाव सांगितलं. खरखरीत आधी आडनावच कळलं, ते माझंच होतं. आधी वाटलं, गावातलाच कुणी येडा. मग लक्षात आलं, की मधलं नाव माझ्या वडिलांचं होतं.

"सर? बॅग उतरवताय ना?"

आत्ताच मी एका माणसाला दोन थेंबांवरून नियम शिकवला होता, आणि तो माणूस अजून गाडीला टेकून उभा होता, चहा पीत, माझ्याकडे बघत.

"उतरवा," मी म्हणालो.

एरवी पोटातून एखादी बॅग शोधायची म्हटलं की आमची माणसं पाताळात उतरल्यासारखी गडप होतात. तेवढा वेळ मिळाला असता तर आईला गाठता आलं असतं. पण आमचा मुरुडचा एक जुना गडी गुडघ्यांवर आत शिरला आणि लगेच ओरडला, "साहेब, गावली! वासावरनंच गावली!" निळ्या दोरीची बॅग पट्ट्यावरून डुलत खाली आली आणि माझ्या पायाशी थांबली.

मी आईला फोन लावला. बंद. विमानात मोबाईल बंद ठेवायचा म्हणून तिनं तो घरून निघतानाच बंद केला होता. सुटायला आलेलं विमान सोडून वर पळता येत नाही. मी वॉकीवर गेटच्या मुलीला सांगितलं, "त्या खांबाजवळ, पाण्याच्या नळापाशी बसल्यात. निळं लुगडं. माझी आई आहे."

चॅनेलवर कुणीतरी खोकलं. मघाच्या हसणाऱ्यांपैकीच असावं.

थोड्या वेळानं मुलीचा आवाज आला, धापा टाकत. "सर, सापडल्या. पण उठत नाहीयेत. म्हणतात, नाव ऐकलं दोन्ही वेळा, पण मुलानं हलू नको सांगितलंय."

"त्यांच्या तोंडाजवळ वॉकी धरा. आई! मी बोलतोय. ऊठ, पळ, विमान सुटतंय!"

खरखर. मग आईचा आवाज, भांडणाला निघाल्यासारखा स्पष्ट. "कोन बोलतंय?"

"मी!"

"मी म्हंजे कोन? आवाज कुनाचाबी काडता येतो. कालच मना माज्या पोरानं सांगितलंय."

वरच्या खिडकीतून पायलट खाली बघत होता. त्यानं मनगटाकडे बोट दाखवलं. मी त्याला हातानं सांगितलं, एक मिनिट. आईच्या बाबतीत एका मिनिटाचं आश्वासन देणारा मी पहिलाच.

"आई, शपथ, मीच आहे!"

"मग सांग, काल बॅगेतनं काय काडलंस?"

"खोबरं."

"आनि ठेवलंस कुठं?"

वॉकीटॉकीचा दोष असा, की एकाशी बोलायची सोय त्यात नसते. गेट, गाड्या, बॅगांचे पट्टे, माझा वरिष्ठ, सगळे कान लावून होते. माशांचा एजंटसुद्धा चहा थांबवून जवळ आला.

"ठेवलं नाही," मी म्हणालो. "रात्री खाल्लं. गुळाबरोबर."

"आता वलखलं," आई म्हणाली. "न्याहारी केलीस का, बाला?"

"आई, ऊठ!"

"मग उठू? तू घ्यायला येत न्हाईस?"

"ऊठ! त्या मुलीबरोबर जा. ती सांगेल तसं कर."

"नक्की? मागनं म्हनशील, कशाला हललीस."

"नक्की, नक्की, नक्की!"

विमानाच्या दाराला लावलेल्या काचेच्या पुलातून मग दोघी दिसल्या. मुलगी पुढं ओढतेय, आई गुडघ्याच्या तालानं येतेय. निम्म्यावर आई थांबली. मला वाटलं, गुडघा गेला. तर नाही, तिनं काचेतून खाली मला शोधलं, आणि माझ्या पायाशी पडलेली बॅग बघून दोन्ही हातांनी खूण केली, अलगद, अलगद. बोंबील मोडू नयेत म्हणून माझं विमान खोळंबलं होतं, आणि कारण मीच होतो.

ती आत गेली, प्रवासी पुरे झाले, बॅग परत चढवायची परवानगी आली. मी कुणाला सांगायच्या आधीच मुरुडचा गडी बाजूला सरकला. "तुमीच ठेवा, साहेब. घरची हाय." मी पोटात शिरलो, गुडघे टेकले, निळी दोरी धरून बॅग कोपऱ्यात बसवली, जाळी आवळली. बाहेर आलो तेव्हा एजंटानं माझ्यासाठी चहा धरला होता. म्हणाला, "दादा, दोन थेंब सांडलेत, चालंल ना?" मी कप घेतला आणि तिन्ही भाषांत त्याचे आभार मानले.

विमान उशिरानं सुटलं. वरिष्ठांनी कारण विचारलं. "प्रवासी उशिरा आला," मी म्हणालो. ते म्हणाले, "हो, ऐकलं आम्ही." तेव्हापासून मी वॉकीवर कुणालाही काही सांगितलं की पलीकडून विचारतात, "कशावरून तुम्हीच?" आणि मग कुणीतरी हळूच म्हणतं, "बाला."

दुसऱ्या दिवशी सकाळी बहिणीनं व्हिडिओ कॉल लावला. पाळण्यात काही दिसत नव्हतं, नुसती फुलं आणि एक इवलीशी मूठ. पण आईचा आवाज पुरता येत होता. एका पाळण्यात तिनं कोचीनचं बंदर आणि विमानही घालून टाकलं. जावयाच्या ऑफिसातल्या मल्याळी बायका मन लावून ऐकत होत्या, बहीण रडत होती. बोंबील अख्खे पोचले होते. मीही डोळे पुसले, आणि फोन ठेवल्यावर लगेच माझी बाजू मांडायला घेतली. बायको जेवणाच्या टेबलावर परीक्षेचे पेपर तपासत होती. तिला मी खोक्यांपासून सगळं सांगितलं, स्वतःच्या बाजूनं शक्य तेवढं सांभाळून, आणि शेवटी म्हणालो, "पण तूच सांग, सांगितलं ते धरून असं बसून राहायचं? नाव पुकारतायत, लोक उठून चाललेत. माणसानं जरा आपलं डोकं वापरावं की नको?"

बायकोनं लाल पेन खाली ठेवलं नाही. मानही वर केली नाही.

"जन्मात एकदा त्यांनी तुमचं ऐकलं," ती म्हणाली. "आणि तुम्हाला तेवढंही झेपलं नाही."