थोरल्याचा हात

बोरूसर दाराकडे पाठ करून कधीच बसायचे नाहीत. क्लासमध्ये, खानावळीत, लग्नाच्या पंगतीतसुद्धा ते आधी भिंत शोधायचे. सरांच्या पाठीला चुना लागलाय, अशी आम्ही चेष्टा करायचो. सर हसायचे, पण नजर दारावरच असायची.

मंगळवार पेठेतल्या त्यांच्या चित्रकलेच्या क्लासमध्ये सगळं बोरूच्या लेखणीनं आणि शाईनं काढावं लागे, म्हणून ते बोरूसर. पेन्सिल नाही, खोडरबर तर नाहीच. "रेघ मारली की मारली," म्हणायचे. मला त्या सक्तीचा भारी राग यायचा. भिंतीवर एकच छापील चित्र होतं, युरोपातल्या बरोक काळातल्या, म्हणजे सतराव्या शतकातल्या, कुणा चित्रकाराचं शाईचं रेखाटन. बायबलमधल्या दोन भावांची भेट. धाकट्यानं कपटानं थोरल्याचा मान लाटलेला आणि जिवाच्या भीतीनं पळ काढलेला. बऱ्याच वर्षांनी तो परततो, तर समोरून थोरला माणसं घेऊन येतोय. चित्रात धाकटा वाकलाय, थोरल्याचा एक हात त्याच्या मानेवर आहे. दुसरा हात चित्रकारानं दोन-चार रेघांत उरकलाय आणि त्यावर शाईचा डाग पसरलाय.

नव्या पोरांना सर हमखास विचारायचे, "त्या हातात काय हाय?" गोष्ट ठाऊक असलेले सांगायचे, काही नाही, थोरल्यानं माफ केलं, मिठी मारली. सरांना ते कधी पटलं नाही. "गोष्ट सोड. रेघ बघ. मूठ आवळलीया," म्हणायचे. मला तो उघडा पंजा वाटायचा. पण सरांच्या शेजारी जरा वेळ उभं राहिलं की मलाही त्या डागात काहीतरी धारदार दिसायला लागे.

मी स्वतः चित्रकला शिकवायला लागल्यावर सरांनी मला कारण सांगितलं. ते गगनबावड्याकडचे. वडील वारले तेव्हा थोरला भाऊ कोकणात कामाला होता. पाऊस कोसळत होता, घाट बंद. गावकरी म्हणाले, थांबू, अग्नी द्यायचा मान थोरल्याचा. वडिलांची सेवा मी केली, अग्नीही मीच देणार, असा हट्ट धरून सरांनी तो दिला. दुसऱ्या दिवशी भाऊ घाट चढून चालत आला, तेव्हा राख उरली होती. "परत माझ्या दारात दिसलास तर जिता जाणार न्हाईस," तो म्हणाला. सर कोल्हापूरला आले ते कायमचे. पुढे भावाचे निरोप यायचे, एकदा येऊन जा म्हणून. सरांना प्रत्येक निरोपात सापळाच दिसायचा.

गेल्या आषाढात पुतण्याचा फोन आला. "तात्या, लगेच या," एवढंच ऐकू आलं आणि फोन कट झाला. सर म्हणाले, जायचं नाही. मग त्यांनी चपला घातल्या, काढल्या, पुन्हा घातल्या. मी गाडी काढली. धुक्यात समोरचं दिसेना. सर सारखे दाराचं लॉक चाचपत होते. मीही घाबरले होते, खोटं कशाला सांगू? या म्हाताऱ्या माणसाला मी कुणाच्या तोंडी घेऊन चालले होते?

वळणावरून घर दिसलं. अंगणात माणसंच माणसं, आणि दोघांच्या हातात कोयते. सरांनी माझं मनगट घट्ट धरलं. "माणसं जमवल्यात. गाडी वळव, पोरी." गाडी वळवण्याइतका रस्ताच नव्हता. मी तशीच पुढे नेली. जवळ गेल्यावर दिसलं, ते कोयत्यांनी बांबू तासत होते. तिरडीची तयारी चालली होती.

पुतण्या पुढे आला. "आबा काल दुपारी गेले, तात्या. तुमचा फोन लागंना. धाकला आल्याबिगर मला उचलायचं न्हाय, असं सांगून गेल्यात. म्हणून थांबलोय."

सर आत गेले. दाराकडे आणि त्या सगळ्या माणसांकडे पाठ करून भावाच्या उशाशी बसले. चादरीबाहेर राहिलेला त्याचा हात त्यांनी ओंजळीत घेतला आणि एकेक बोट चाचपत राहिले. मला रडू आवरलं नाही.

परतताना गाडी मंगळवार पेठेत शिरली. तेव्हा सर म्हणाले, "मी जल्मभर त्या हाताकडंच बघत बसलो, पोरी. चित्रातला धाकटाबी भ्यालता की. पर तो भावाकडं गेला."