खालांचं भाकीत

खालांना अमेरिकन फुटबॉलमधलं सगळं कळायचं, फक्त त्यातली इंग्रजी नावं त्यांनी घरात घेतली नव्हती. क्वार्टरबॅक म्हणजे ‘फेकणारा’. त्याच्या पुढ्यात उभे राहणारे धिप्पाड गडी म्हणजे ‘भिंत’. हातातून चेंडू निसटला की ‘सांडला’, शेवटच्या रेषेपलीकडे नेला की ‘पोचला’. दोह्यात मदिनत खलीफामधल्या एका व्हिलाच्या तळमजल्यावर, रत्नागिरीकडच्या ह्या साठीच्या बाई कोळंबी सोलता सोलता सांगायच्या, “आज डेन्व्हर हरणार. भिंत कच्ची आहे त्यांची.” ‘बघू’ नाही, ‘बहुतेक’ नाही. हरणार.

आम्ही नाशिकहून आलो तेव्हा त्याच व्हिलात वरच्या मजल्यावर राहायला लागलो. नवरा पहाटे रास लफ्फानला गॅसच्या प्लँटवर जायचा, तो संध्याकाळी अर्धमेला होऊन परतायचा. एका रविवारी जेवणं आटोपत होती आणि खालून आरोळी आली, “धर! अरे पाय धर त्याचा, सोडू नको!” घरात चोर शिरला असं वाटून मी जिना उतरून धावले. दार उघडंच होतं. चाचा, म्हणजे खालांचे यजमान, टेबलाशी शांतपणे भात कालवत होते. खाला टीव्हीसमोर उभ्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “बस. कडेला बस, मधे नको.” मी बसले. पुढे त्यांना मावशी म्हणायला गेले तर म्हणाल्या, “खाला म्हण. तेच होतं.”

हा खेळ त्या शिकल्या मुलासाठी. अनीस दोह्यातच वाढला, इंग्रजी शाळेत शिकला. दहावी-अकरावीत तो घरात बोलेनासा झाला. विचारलेलं मराठी कळायचं, उत्तर इंग्रजीत एका शब्दाचं. शाळेतल्या अमेरिकन मित्रांमुळे त्याला ह्या खेळाचं वेड लागलं होतं. “तो तीन तास एका जागी बसायचा,” खाला सांगायच्या. “तेवढा वेळ त्याच्याशेजारी बसायला मिळायचं, म्हणून बसले. नुसतं बसून काय करणार? बघायला लागले.” पुढे अनीस शिकायला अमेरिकेला गेला, तिथेच नोकरीला लागला, आणि गंमत म्हणजे त्याचं वेड सुटलं. आईचं सुटलं नाही. “त्याला आता वेळ नाय. पण मला लागलं ना ते!”

त्यांची मतं खेळाडूंच्या आकड्यांवर नसायची, माणसांवर असायची. “हरणारी टीम बाकावर बसली की कळते. एकमेकांकडे बघत नाहीत.” चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं असतं. तीन फसले की बहुतेक संघ चौथ्याला चेंडू लाथाडून समोरच्यांच्या हवाली करतात. खालांना ते अजिबात सहन व्हायचं नाही. “एवढे हाडामासाचे गडी, आणि वावभर जागा घेता येत नाय? लाथ मारली, मोकळे!” चाचा मान वर न करता म्हणायचे, “नुसती ढकलाढकली. खलास.” आणि झोपायला जायचे. इतक्या वर्षांत त्यांनी एकही सामना पाहिला नव्हता. वेस्ट बेमधल्या एका व्यापारी कंपनीत ते हिशेबनीस होते. घरात आल्यावर त्यांना कसलीच चढाओढ नको असायची.

खालांची भाकितं निम्म्या वेळा तरी चुकायची. पण सोमवारी सकाळी मी मुलीला स्कूलबसला सोडायला उतरले की त्या दारात उभ्या असायच्या. “सिॲटल जिंकलं. चुकले मी.” बस्स. पंचांनी चुकीचं दिलं, वारं होतं, अमका दुखावला होता, असलं काही नाही. चूक कबूल करताना त्यांचा आवाज भाकीत करतानाइतकाच खणखणीत असायचा.

मी नाशिकला सिव्हिल इंजिनियर म्हणून काम केलं होतं. मुलगी झाल्यावर सोडलं, मग दोहा, आणि वर्षं गेली. वेस्ट बेमधल्या एका कन्सल्टन्सीत प्लॅनिंगची जागा निघाली तेव्हा मी अर्ज केला. मुलाखतीचं बोलावणं आल्याचं खालांना सांगितलं आणि सवयीने पुढे जोडलं, “बघू, जमलं तर.”

“नाय मिळणार तुला,” त्या म्हणाल्या. हातातली कोथिंबीर निवडणंही थांबलं नाही.

“असं काय म्हणता खाला?”

“विचारलंस म्हणून सांगितलं.”

मी विचारलं नव्हतं. वर आले आणि रडले. दोन आठवडे त्यांच्याकडे गेले नाही. रविवारी जमिनीतून आवाज यायचा, ‘पोचला! पोचला!’ आणि मला आणखीनच राग यायचा. त्या रागातच मी मुलाखतीला गेले, त्या रागातच विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला सरळ उत्तर दिलं. नोकरी मिळाली.

सासूबाई तेव्हा नाशिकहून आलेल्या होत्या. संध्याकाळी बेल वाजली. खालांचे गुडघे कामातून गेलेले, त्या कधी जिना चढल्या नव्हत्या. दारात धापा टाकत उभ्या होत्या.

“अश्विनी, मी चुकले,” त्या म्हणाल्या. “तू घाबरतेस तेवढंच पाह्यलं होतं. खेळताना पाह्यलंच नव्हतं तुला.”

“कसला खेळ?” सासूबाईंनी विचारलं.

खाला खुर्चीत टेकल्या, गुडघे चोळले आणि म्हणाल्या, “आता पोरीचं काय? ती दुपारी येते ना शाळेतून? माझ्याकडे सोड.”

तीन वर्षं माझी मुलगी रोज दुपारी खालांकडे जेवली. ती माझ्याशी इंग्रजीत बोलायची, पण दुधाचा पेला हातून निसटला की तोंडातून यायचं, “सांडला!”

मग चाचांच्या कंपनीने त्यांची जागा रद्द केली. गल्फमध्ये नोकरी गेली की घरही जातं. परतीचं ठरलं. अनीस आठवड्याची रजा काढून सामान बांधायला आला. शेवटच्या रविवारी सोफा विकला गेला होता. आम्ही सगळे फरशीवर बसलो. अनीस म्हणाला शिकागो जिंकणार, खाला म्हणाल्या हरणार. तो इंग्रजीत, त्या मराठीत, सामना संपेपर्यंत भांडले. इतके बोलताना मी त्या दोघांना कधी ऐकलं नव्हतं. शिकागो जिंकलं. “बरं झालं,” खाला मला हळूच म्हणाल्या. चुकल्याचा आनंद झालेला मी त्यांना तेवढा एकदाच पाहिला. दुसऱ्या दिवशी विमानतळावर त्यांनी माझ्या मुलीची पापी घेतली, मला म्हणाल्या, “बरी राहा गो,” आणि चाचांचा हात धरून आत गेल्या.

गावी गेल्यावर तीनएक वर्षं फोन चालू होते. गेल्या पावसाळ्याच्या शेवटाला चाचांचा फोन आला. चाचा कधी फोन करत नसत, त्यामुळे आवाज ऐकताच कळलं.

“गेली,” ते म्हणाले. “दुपारी जेवली, आडवी झाली. उठलीच नाय.”

अनीस येऊन गेला, चाचांना अमेरिकेला चला म्हणत होता, ते नको म्हणाले.

महिन्याभराने पुन्हा त्यांचा फोन आला. रविवार होता, आमच्याकडे दुपार कलली होती.

“तिचा तो खेळ आज आहे काय गो?”

होता. लंडनला सामना होता, म्हणून कोकणात संध्याकाळीच दिसणार होता. शेजारच्या मुलाला बोलवा म्हटलं, फोनवर त्याला सगळं सांगितलं, त्याने टीव्हीवर लावून दिला. मला पलीकडून प्रेक्षकांचा गलका ऐकू आला.

“मला त्यातलं काय कळत नाय,” चाचा म्हणाले. “पण घर फार गप्प झालंय.” मग म्हणाले, “दोन टीमा दिसतायत. कुणाच्या बाजूने बसू?”

मी त्या वर्षी एकही सामना पाहिला नव्हता. कोण कसं खेळतंय, काही ठाऊक नव्हतं.

“पांढऱ्या कपड्यांतल्यांच्या,” मी म्हणाले. “ते जिंकणार, चाचा.”

“बरं,” ते म्हणाले, आणि खुर्ची पुढे ओढल्याचा आवाज आला.