चोवीस उपडे कलश

नऊ वर्षं मी एका माणसाला पाकळ्या मोजून पैसे दिले.

वागळे इस्टेटमध्ये माझं वर्कशॉप आहे. स्टीलच्या, पितळेच्या पत्र्यात लेझर मशीनने नक्षी कापून आम्ही जाळ्या करतो. खिडकीच्या, जिन्याच्या, देवघराच्या दाराच्या. मशीनला नक्षीचं ड्रॉइंग द्यावं लागतं आणि ते कॉम्प्युटरवर काढायला डोंबिवलीचा एक ड्राफ्ट्समन होता. त्याचा भाव नगावर. जाळीत तीनशे पाकळ्या असतील तर तीनशे नग. मी भाव करण्यात कुणाला ऐकत नाही. पत्रेवाला मला बघितलं की आधीच पाणी मागवतो. तर या माणसाशीही मी प्रत्येक वेळी पाकळीच्या दरावरून तास तास भांडायचे, दर थोडा खाली आणायचे आणि जिंकल्यासारखी गाळ्यावर परत यायचे. पाकळ्या किती, यावर कधी भांडले नाही. पाकळ्या तर डोळ्यांना दिसत होत्या.

माझा विश्वास बसायला कारण होतं. बारावीनंतर मी एका ड्रॉइंग ऑफिसात ट्रेसिंग करायला लागलेले. ट्रेसिंग पेपरवर शाईने. एकदा एका चाळणीचं ड्रॉइंग आलेलं, त्यात अकराशे भोकं होती. तीन दिवस मी भोकं काढत होते. चौथ्या दिवशी भाकरीवरचे फोडसुद्धा मी मोजायला लागले. त्यामुळे हा जेव्हा म्हणायचा, "ताई, एकेक काढावं लागतं, डोळे जातात हो," तेव्हा मला पटायचं. एका थंडीत तर त्याच्या डोळ्यांसाठी मी गाजराचा हलवा पाठवला. त्या हलव्याचं दुःख मला पैशांपेक्षा जास्त आहे. साजूक तुपातला होता.

गेल्या वर्षी एक ड्रॉइंग घाईचं होतं आणि त्याचं इंटरनेट बंद, म्हणून पेनड्राइव्ह घेऊन मी स्वतःच डोंबिवलीला गेले. दार बायकोने उघडलं. मी सरळ आतल्या खोलीत. त्याची पाठ माझ्याकडे. स्क्रीनवर एकच पाकळी होती. त्याने काहीतरी टाइप केलं, एंटर दाबलं, आणि एका पाकळीच्या साठ झाल्या. जपानी पंखा उघडावा तशा, गोल, नीट, एका श्वासात.

मी म्हटलं, "हे काय होतं?"

तो दचकला. स्क्रीन बंद केला. "अहो ताई, तुम्ही कधी आलात?"

"ते परत दाखव."

"त्याला ॲरे म्हणतात. तसं काही नसतं त्यात."

"कसं नसतं? एकाच्या साठ झाल्या. हे बटण कधीपासून आहे?"

तो खरं बोलला, हीच त्याची चूक. म्हणाला, "पहिल्यापासूनच आहे."

त्यानंतर मी काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. खालच्या मजल्यावरचे लोक जिन्यात आले. त्याची बायको मध्येच विचारून गेली, "चहा टाकू का?" शेवटी तोही चिडला. "एवढं सोपं वाटतंय तर शिकून घ्या," म्हणाला, "एका कामात परत याल माझ्याकडे." मी म्हटलं, तुझ्या दारात पुन्हा पाऊल टाकलं तर माझं मशीन तुझ्या नावावर करीन. जिन्यातल्या सगळ्यांनी ऐकलं. आता माघार नव्हती.

दुसऱ्याच आठवड्यात कल्याणला एका क्लासमध्ये नाव घातलं. वर्गात सगळी डिप्लोमाची मुलं, आणि शिकवणारी माझ्या भाचीएवढी. पहिल्या दिवशी मुलं मलाच "गुड मॉर्निंग मॅम" म्हणाली आणि ती खरी मॅडम मागे उभी राहून हसत होती. रेघ काढली, वर्तुळ काढलं, पुसलं. ॲरे यायला अकरा दिवस लागले. रोज विचारायचे, आज आहे का? ती म्हणायची, "काकू, तुम्हाला तेवढंच शिकायचंय का?" मी म्हणायचे, हो.

बाराव्या दिवशी तिने एक चौकोन काढला. आडवे किती, उभे किती, मध्ये अंतर किती, एवढं विचारलं कॉम्प्युटरने. दहा आणि दहा. शंभर चौकोन. मग गोलातला प्रकार: मधला बिंदू दाखवायचा, नग सांगायचे, किती अंश फिरायचं ते सांगायचं. मी एक टिंब काढलं आणि आडवी-उभी मिळून अकराशे सांगितली. ती तीन दिवसांची चाळणी माझ्यासमोर पापणी लवायच्या आत तयार झाली. मी हसायला लागले आणि मला थांबता येईना. शेजारचा मुलगा घाबरून म्हणाला, "काकू, पाणी देऊ?"

मग मला नादच लागला. घरी लॅपटॉप घेतला. चमचा काढला, चारशे चमचे केले. चप्पल काढली, चपलांचं वर्तुळ केलं. एकदा हजार बाय हजार सांगितलं आणि लॅपटॉप असा बसला की पंखा घरघरत राहिला आणि मी त्याला हात लावून म्हणत होते, सावकाश, सावकाश. घोडबंदर रोडने जाताना मला इमारती दिसेनात. कुणीतरी एक बाल्कनी काढली, उभे चाळीस, आडवे सहा, एंटर, आणि जेवायला गेला. नवऱ्याला म्हटलं, "बघ, हे सगळं एका माणसाने दुपारी उरकलंय." तो म्हणाला, "तू समोर बघून स्कूटर चालव."

पहिलं काम मिळालं कोलशेतला. तिथलंच जुनं घराणं. पूर्वी भातशेती आणि मिठागर, आता त्या जमिनीवर टॉवर उभे आहेत आणि यांनी स्वतःसाठी बंगला बांधलाय. मुख्य दाराच्या वर साडेतीन फुटांचा गोल झरोका होता. त्यात सोनेरी रंगाच्या स्टीलची जाळी हवी होती, नक्षी शुभ पाहिजे, आणि वास्तुशांतीला नऊ दिवस. ऑर्डर मुलाने दिली, पण घरात शब्द चालतो त्याच्या आईचा. ती ऐंशीच्या पुढची, व्हरांड्यात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून गवंड्यांना ओरडत होती. आम्ही एकमेकींकडे बघितलं आणि दोघींना कळलं की भाव सोपा जाणार नाही.

मी कलश काढला. तांब्या, पाच आंब्याची पानं, वर नारळ. दोन संध्याकाळी लागल्या, पण इतका देखणा झाला की मीच त्याला नमस्कार केला. मग तो गोलाच्या काठावर ठेवला. मधला बिंदू. चोवीस. तीनशे साठ अंश. एंटर. चोवीस कलशांचं फूल उमललं आणि मी एकटीच गाळ्यात टाळ्या वाजवल्या. आमच्या मशीनवरच्या काकांनी पत्रा लावला, कापला. ते पंचवीस वर्षं हे काम करतायत, एक शब्द बोलले नाहीत.

टेम्पोतून जाळी कोलशेतला नेली, व्हरांड्यात भिंतीला टेकवली. आजी उठून जवळ आली. वरून खालपर्यंत बघितलं. मग मान वाकडी करून बघितलं.

"अगो, यो खालचा कलश उपडा का?"

मी बघितलं. गोलात फिरवलेली प्रत्येक वस्तू स्वतःही फिरते. वरचा कलश सरळ, बाजूचे आडवे, आणि खालचा नारळावर डोकं टेकून उलटा. स्क्रीनवर मला फूल दिसत होतं. कलश दिसलेच नव्हते.

"आजी, गोलात आहे ना, म्हणून फिरलाय."

"कलश फिरतो कं? पाणी सांडलं त्यातलं."

"पत्र्याचा आहे आजी, पाणी कुठंय त्यात."

"नारळ बी पत्र्याचाच हाय. तो पडला बघ."

मुलगा म्हणाला, "आई, डिझाइन आहे ते."

"तू गप. दारावर उपडा कलश लावतास? भटजी वर बघल न् चपला घालून परत जाईल."

मी म्हटलं, खालच्या भागावर झेंडूचं तोरण सोडू, दिसणार नाही.

"झाकायचंच हाय तर पैसे कनचे देऊ?"

मशीनवाल्या काकांना मी तिथूनच फोन केला. "तुम्हाला दिसलं नाही?" ते म्हणाले, "दिसलं की. मला वाटलं, डिझाइन आहे."

वास्तुशांतीला चार दिवस उरलेले. पत्रा वाया गेला तो माझ्या खिशातून, त्याचं मी सोसलं असतं. पण हे आता मला जमलं नाही, तर ते काढून देणारा माणूस मला एकच माहीत होता, आणि तो डोंबिवलीत बसून माझी वाट बघत होता. मी लॅपटॉप काढला, व्हरांड्याच्या पायरीवर बसले आणि सगळ्यांवर खेकसले की कुणी हलायचं नाही. आजी खुर्ची ओढून माझ्या खांद्यामागे बसली.

शोधता शोधता सापडलं. वस्तू फिरू नये, असंही त्याला सांगता येतं. सांगितलं. चोवीसही कलश सरळ उभे. मी श्वास सोडला आणि तेवढ्यात दिसलं: कलश उंच असतो, रुंद नसतो. गोलाच्या डाव्या-उजव्या बाजूला ते एकावर एक चढले होते, एकाच्या नारळावर दुसऱ्याचं बूड. असं कापलं तर मधला पत्राच गळून पडतो. बारा केले. बाजू जमली, पण वरती मध्ये एवढी जागा सुटली की पडक्या दातांचं तोंड दिसायला लागलं. सोळा. अठरा. आजी प्रत्येक वेळी मागून "नाय" म्हणत होती.

"हे सगळे तूच काढतस?"

"एकच काढलाय. बाकीचे ते काढतं. बघा." मी पुसलं, एक कलश ठेवला, पुन्हा चोवीस केले. ती पुढे सरकली.

"परत कर."

परत केलं. तिने स्क्रीनवरचे कलश बोटाने मोजले. मग म्हणाली, "पूजेला कलश किती मांडतात?"

"एक."

"मग तू चोवीस कशाला मांडलेस?"

खरं उत्तर होतं, मांडता येत होते म्हणून.

सगळे पुसले. एकच ठेवला, मोठा केला, बरोबर मध्ये सरळ उभा. त्याच्या पाच पानांतलं एक पान उचललं आणि काठावर नेलं. आंब्याच्या पानाला वर-खाली नसतं. ते दाराला लोंबतं, कलशात उभं राहतं, ताटात आडवं पडतं, कुणी काही म्हणत नाही. मधला बिंदू दाखवला. नग किती, ते विचारत होतं.

"आजी, किती पानं?"

"एकवीस."

मी लॅपटॉप तिच्या मांडीवर ठेवला. "तुम्हीच सांगा त्याला." तिने एका बोटाने दोन दाबला, मग एक. मोठं बटण मी दाखवलं. तिने ते डास मारल्यासारखं दाबलं आणि एकवीस पानं सरकन उघडली.

"आयो," ती म्हणाली.

"जमलं."

"थांब. आता पन्नास."

पन्नास केली. मग शंभर. मग तिने मला न विचारता पाचशे दाबली आणि सगळी पानं एकमेकांत मिसळून काळा टायर झाला. ती हसायला लागली. मीही. तिला ठसका लागला, सून पाणी घेऊन धावली, ती एका हाताने पाणी घेत दुसऱ्याने बटण दाबत होती. मी तिला आडव्या-उभ्या रांगांचा प्रकार दाखवला. तिने चौकोनांचे चौकोन केले आणि बोट लावून म्हणाली, "आमचं मिठागर. यो शेवटचा मोठ्या दिरांचा." मुलगा दारात उभा राहून आमच्याकडे बघत होता, डॉक्टरला बोलवावं की नको अशा नजरेने.

आणि मग, हसू ओसरायच्या आधीच, तिचे डोळे बारीक झाले.

"एक पान काढलंस न् एक कलश. बाकी काय तुझं नाय. मग पैसे एवढे कशाचे?"

माझं डोकं तापलं. मग लक्षात आलं की हे मी ऐकलेलं आहे, डोंबिवलीच्या त्या खोलीत, माझ्याच आवाजात. मी पूर्ण एक मिनिट गप्प बसले. माझ्या ओळखीतल्या कुणाचाही यावर विश्वास बसणार नाही. त्या मिनिटात मी त्या माणसाची बाजू घेऊन बघितली, प्रामाणिकपणे, आणि ती मला पटली नाही. त्याने स्क्रीन बंद केला होता. मी बटण हिच्या मांडीवर ठेवलं होतं. माझा राग आजही जागच्या जागी आहे.

मी म्हटलं, "आजी, पानं काढायला वेळ लागत नाही. एकच कलश पाहिजे हे कळायला लागतो. ते आज तुम्ही सांगितलंत. त्याचे पैसे बिलातून कमी, ते तुमचे. बाकीचे माझे."

"माझे किती?"

मी आकडा सांगितला. तिने दुप्पट मागितला. मी लॅपटॉप ओढून घेतला. ती म्हणाली, "अगो, ठेव ना जरा," आणि मी त्याच क्षणी मधला आकडा सांगून टाकला. "बरं," ती म्हणाली आणि लॅपटॉप परत स्वतःकडे ओढला. खेळात बुडालेल्या माणसाशी भाव ठरवणं किती सोपं असतं, ते मला त्या दिवशी कळलं. पुढचा अर्धा तास लॅपटॉप तिच्याकडेच राहिला. निघताना तिने जुन्या जाळीकडे हात केला: "ती घेऊन जा न् वितळव. उपडं तुझ्या घरात बी नको."

नवी जाळी दुसऱ्या दिवशी कापली. या वेळी काकांना मशीन लावायच्या आधी विचारलं. "बरोबर आहे," ते म्हणाले, "पण चोवीसवालं भारी होतं."

वास्तुशांतीला मला बोलावणं होतं. भटजी आले, दारात थांबले, वर बघितलं. कलश एक, सरळ उभा, भोवती पानं. त्यांनी हात जोडले आणि आत जाऊन विचारलं, तांदूळ कुठे ठेवलेत. डोंबिवलीला जायची वेळ आली नाही.

आजी नवीन लुगडं नेसून दारातच बसलेली. येणाऱ्या प्रत्येकाचा हात धरून ती वर दाखवत होती. "पानं मी काढलीत. एकवीस." जावा, सुना, टॉवरचा बिल्डर, सगळ्यांना. कोणी विचारलं, एवढ्या वयात? ती म्हणायची, "त्यात काय हाय? बोट लागतं."

मी जेवणाच्या पंगतीत बसून ऐकत होते. एरवी माझ्या कामावर दुसऱ्याने नाव सांगितलं असतं तर मी ताट सोडून उठले असते. मी दुसऱ्यांदा जिलबी घेतली.