आईच्या साड्यांची फडकी

आज सकाळी कारंजा गावात एक घर साफ करायला घेतलं. तिथल्या आजी गेल्या महिन्यात वारल्या आणि मुलाने घर विकायला काढलंय. आमच्या सफाईच्या कामात आम्ही फरशीची फडकी विकत आणत नाही, जुने सुती कपडे फाडून करतो. म्हणून मी मुलाला कपाटातल्या साड्यांचं विचारलं.

"घेऊन जा मॅडम. कोण नेसते आता?"

माझ्याकडे काम करणाऱ्या सुमनने सगळ्या साड्या फाडून कामाला लावल्या.

दुपारी एसटीने त्या मुलाची बहीण आली. कपाट रिकामं होतं. "दादा, मायच्या साड्या कुठी हायेत?"

"दिल्या या सफाईवाल्या मॅडमले. तुले कायले पायजे होत्या त्या जुन्यापान्या?"

"गोधडी शिवणार होती मी. मले एक फोन तं करायचा."

सुमनने बादलीतलं एक फडकं पिळून तिच्या हातात दिलं. तिने ते नाकाशी नेलं. फिनाईलचा वास.

"मायचा वास गेला वो बाई," ती सुमनला म्हणाली.

परवानगी मी घेतली होती, पण फक्त मुलाची. लेकीला विचारावं हे मलाही सुचलं नाही. तुमच्या घरी आईचं कपाट रिकामं करताना लेकीला विचारतात का?