पाचवं शील

पेडगावच्या आमच्या विहारात दर पौर्णिमेला सगळे मिळून पंचशील म्हणतात. आमचे मालक चार शीलं मोठ्याने म्हणायचे आणि पाचव्याला, नशा न करण्याच्या शीलाला, गप्प राहायचे. दारू प्यायचे, पण खोटं बोलायचे नाहीत. नुसत्या म्हणण्याने कुणाचं काय सुटतं, असं मला वाटू लागलं होतं.

एका पौर्णिमेला त्यांनी पाचवंही म्हटलं. शेजारीण पुटपुटली, "आज याद आली वाटतं तुझ्या मालकाला." त्या दिवसापासून त्यांनी थेंब घेतला नाही. शेतातही मी बरोबरच होते, म्हणून सांगते. दोन दिवसांनी हात थरथरायला लागले, घामाने अंथरूण भिजलं. मुंग्या उतरताहेत म्हणून ते एकही मुंगी नसलेली भिंत झाडत बसले. धाकटे दीर म्हणाले, "वैनी, लपून पिलाय त्यो. शील मोडलंय, त्येच भोगायलाय." प्यायले नाहीत असं मी सांगितलं, तरी दिरांनी त्यांना विहारात नेऊन मूर्तीसमोर उपाशी बसवलं. मन ताळ्यावर येईल, असा सगळ्यांचा समज. थोडा माझाही.

दुपारी विहारापाशी जीप थांबली. इंजिन तापलं होतं. पाणी मागायला उतरलेले गृहस्थ परभणीच्या दवाखान्यातले डॉक्टर निघाले. आतलं मालकांचं बरळणं ऐकून ते घागर तशीच ठेवून आत गेले. "रोज किती घ्यायचे? बंद कधी केली?" एवढंच विचारलं. मग दिरांना म्हणाले, "लपून घेतली असती तर असे थरथरले नसते. इतकी वर्षं मेंदूला दारूची सवय. एकदम तोडली की तो सैरभैर होतो, झटके येऊन माणूस जातो. शील मोडलं म्हणून नाही, पाळलं म्हणून हे चाललंय. चला माझ्याबरोबर."

दिरांनीच भावाला उचलून जीपमध्ये घातलं.

दवाखान्यात इंजेक्शनं झाली, गोळ्या हळूहळू कमी केल्या. निघताना डॉक्टर म्हणाले, "अंग सावरलं बाई, पण डोक्यातली ओढ राहील. बाजाराला एकटं पाठवू नका. पुन्हा घेतली तर भांडू नका, इकडे आणा." पुढे एकदा घेतलीच. मी भांडले नाही, एसटीत बसवून घेऊन गेले.

तथागतांनी जीप थांबवली असं मी म्हणणार नाही. आमच्या धम्मात तसं म्हणत नाहीत. पण वाटेतल्या विहिरी सोडून डॉक्टर विहारापाशीच उतरले, याबद्दल मी रोज हात जोडते. मन ताळ्यावर आणून आपल्याच्याने सगळं होईल हा हट्ट मी त्या दिवशी सोडला.

अजूनही पाचव्या शीलाशी मालक जरा अडखळतात. सगळा विहार थांबतो, सगळ्यांत आधी दीर. मग मालक ते म्हणतात, आणि त्यांच्यामागून आम्ही.